जुनोनीच्या ताकापासून हावेरीपर्यंत

दुपारचे चार वाजत आले होते. मंगळवेढ्याहून वळून, सांगोला मागे टाकून मी जुनोनीच्या जवळ पोचले होते. २०० किलोमीटर झाले होते, १०० उरले होते आणि हातात नऊ तास होते. पाय शाबूत होते, सायकलची काही तक्रार नव्हती. आणि मी रस्त्याच्या कडेला एका बाभळीचा बुंधा धरून ओकत होते.

बाहेर पडलं ते नुसतं गोड पाणी. सांगोल्याच्या अलीकडे, दोन तासांपूर्वी बाटलीतून प्यायलेलं सरबत, त्याच नारिंगी रंगाचं, त्याच चवीचं. दोन तासांत त्यातला थेंबही पुढे सरकला नव्हता. मला त्या क्षणी त्याचा अर्थ कळला नाही. एवढंच जाणवलं की पोट तटतटलंय, तोंडाला कोरड पडलीय, आणि आता खालूनही मुरडा येतोय. आसपास आडोसा म्हणावा असं काही नव्हतं. चौपदरी रस्ता, दोन्ही बाजूंनी कापणी झालेली रानं, आणि थोड्या अंतरावर एक पत्र्याचं घर.

त्या घरातल्या बाई दारातून बघत होत्या. त्या स्वतःच चालत आल्या. "काय झालं ओ बाई? कुठनं आलाव?" मी सांगलीहून म्हटलं. त्यांनी सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढचा एकही प्रश्न न विचारता म्हणाल्या, "आधी आत या. मागं संडास हाय, पाणी हाय. लाजू नगा." मी बाहेर आले तेव्हा त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली होती आणि तांब्याभर पातळ ताक, मीठ घालून, ठेवलं होतं. "एकदम पिऊ नगा. वाईच वाईच घ्या." आजारी माणसाला असंच पाजायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. घोट घोट करत ते ताक पाऊण तासात पोटात गेलं आणि टिकलं. पण उठून उभी राहिले की भोवळ येत होती. मी नवऱ्याला फोन केला. तो गाडी घेऊन आला तोवर अंधार पडत आला होता.

माझी पहिली ३०० किलोमीटरची बीआरएम अशी संपली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही लांब पल्ल्याची सायकलफेरी, शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायचं, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. पहिला-दुसरा नंबर नसतो. मागून मदतीची गाडी चालत नाही. जे लागेल ते बरोबर न्यायचं किंवा वाटेत दुकानात घ्यायचं. म्हणजे वेग हा प्रश्न फारसा नसतोच. दिवसभर आणि रात्रभर पोट चालू ठेवता येतं का, हा प्रश्न असतो. ते मला त्या फेब्रुवारीत माहीत नव्हतं. मी ४३ वर्षांची, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणारी बाई. सायकल हाती घेऊन चार वर्षं झाली होती. २०० दोनदा आरामात झालं होतं, त्याच्या दीडपट म्हणजे ३००, असा माझा सरळ त्रैराशिकाचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडल्या पडल्या मी वही काढली आणि आदल्या ३६ तासांत काय काय पोटात गेलं ते लिहून काढलं. आदल्या रात्री: "उद्या ताकद हवी" म्हणून दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, वर शेंगदाण्याची चटणी. पहाटे चारला: साबुदाण्याची खिचडी, चांगली तूप सोडलेली. वाटेत: बहिणीनं परदेशातून पाठवलेली जेलची, म्हणजे सायकल चालवताना चोखायच्या घट्ट गोड पाकाची पाकिटं, चार. मिरजेपासून मंगळवेढ्यापर्यंत दीड बाटली सरबत. एका बाटलीत ७५० मिलिलिटर पाणी आणि त्यात ९० ग्रॅम भुकटी, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणाच्या दुप्पट. सांगोल्यात गुडघा ठणकत होता म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी. साधं पाणी: दोन-तीन चुळा आणि अर्धा पेला.

अकरा तासांत एकूण दीड लिटरच्या आसपास द्रव, तोही पाकासारखा. बाहेर ३७-३८ अंश ऊन.

यादीत चुका बऱ्याच दिसतात, आणि सुरुवातीला मीही एकेकीचा दोष काढत बसले. जेल वाईट, भुकटी वाईट, साबुदाणा वाईट. पण माझ्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी वही वाचून एकच विचारलं, "तू पाणी का नाही प्यायलीस?"

मी म्हटलं, तहान लागली नाही. त्या गप्प बसून राहिल्या. मग मला खरं सांगावं लागलं. तहान लागली होती. मी मुद्दाम प्यायले नव्हते. कारण त्या रस्त्यावर लघवीला कुठे जायचं हे मला माहीत नव्हतं.

बरोबरचे पुरुष सायकलस्वार कुठेही थांबतात, झाडाकडे तोंड करतात, दोन मिनिटांत पुढे. आमच्यापैकी प्रत्येक बाईला हे कोडं रोज सोडवावं लागतं, आणि तिथे सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे पाणीच न पिणं. हे मी सायकलवर शिकलेली नाही. शाळेतल्या संडासाला कडी नव्हती तेव्हापासूनची, एसटीच्या लांबच्या प्रवासातली, लग्नाच्या वऱ्हाडातली ही सवय आहे. त्यात माझी सायकलची पँट खांद्यावर पट्टे असलेली. ती उतरवायची तर आधी अंगातला जर्सीचा सदरा काढावा लागतो. उघड्या माळावर ते कसं करणार? म्हणून बाटलीत दुप्पट भुकटी. कमी पाण्यात जास्त ताकद, म्हणजे कमी वेळा थांबावं लागेल. माझं पोट बिघडलं त्याचं मूळ इथे होतं. बाकीच्या चुका त्यावर रचलेल्या.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेहनत चालू असताना रक्त मांड्यांकडे धावतं. ऊन असलं की अंग गार ठेवायला कातडीकडेही जातं. पोटाच्या वाट्याला उरतं ते थोडं. अंगातलं पाणी कमी झालं की तेही आटतं. अशा पोटात घट्ट पाक ओतला तर जठर तो पुढे सोडत नाही, धरून ठेवतं, म्हणून ते डचमळणं आणि मळमळ. जो थोडा पाक आतड्यात उतरतो तो पातळ व्हायला अंगातलंच पाणी आत ओढून घेतो, म्हणून मुरडा आणि जुलाब. म्हणजे आधीच कोरडं पडलेलं शरीर आतूनही कोरडं होतं. ती वेदनाशामक गोळी तर अशा वेळी आतड्याच्या अस्तराला आणखी इजा करते, आणि कोरड्या शरीरात मूत्रपिंडालाही. "गुडघा दुखला तर थांब. सीटची उंची तपास. गोळी घेऊन सायकल चालवायची नाही," असं त्यांनी बजावलं. ते मी आजतागायत पाळलंय.

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले, म्हणजे मोजमापानं. रविवारी निघण्यापूर्वी वजनकाट्यावर उभं राहायचं, आल्यावर अंग पुसून पुन्हा उभं राहायचं. मार्चमधली पहिली नोंद: निघताना ६१.२ किलो, दोन तासांनी ५९.८, मध्ये प्यायले अर्धा लिटर. म्हणजे १.४ अधिक ०.५, दोन तासांत १.९ लिटर घाम. तासाला साधारण ९५० मिलिलिटर. पहाटेच्या गारव्यात हाच आकडा पाचशेपर्यंत उतरायचा. तेव्हा कुठे मला कळलं की मंगळवेढ्याच्या वाटेवर मी केवढी उधारी करून ठेवली होती.

इथे एक चूक मी दुसऱ्या टोकाला जाऊन केली, ती सांगायला हवी. मे महिन्यात औदुंबरच्या फेरीत मी चंगच बांधला आणि तासाला दीड लिटर साधं पाणी रिचवलं. परत आले तर वजन ६०० ग्रॅमनं वाढलेलं, बोटं सुजलेली, अंगठी निघेना, डोकं जड. डॉक्टरबाई या वेळी खरंच रागावल्या. घामातून मीठ जात असताना नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातला सोडियम पातळ होतो, आणि हे निर्जलीकरणापेक्षाही घातक ठरू शकतं. जर्सी वाळल्यावर माझ्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. तेव्हा घामाच्या आकड्याच्या सगळंच्या सगळं नाही, पाऊण हिस्सा प्यायचं, मिठासकट प्यायचं, आणि परत आल्यावर वजन निघतानापेक्षा जास्त भरता कामा नये, असं ठरलं.

पण प्यायचं ठरवलं तरी जायचं कुठे, तो प्रश्न तसाच होता. एप्रिलच्या सुट्टीत मी आणि माझी मुलगी स्कूटरवरून मिरज ते मंगळवेढा रस्ता पाहून आलो, दोन दिवसांत, दोन टप्प्यांत. प्रत्येक पेट्रोल पंपावर थांबायचं. स्वच्छतागृह आहे का, कुलूप असलं तर किल्ली कुणाकडे, आतून कडी लागते का, पाणी येतं का, दिवा आहे का, रात्री उघडं असतं का. मुलगी लिहून घ्यायची. पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह असायलाच हवं; पण असणं आणि उघडं असणं यात फार अंतर आहे. काही पंपांवर किल्ली मागितल्यावर पोरं एकमेकांकडे बघायची. एका ठिकाणी त्यात टायर रचून ठेवलेले होते. तरीही त्या वहीत शेवटी ११ जागा भरल्या. दोन हॉटेलं, एक मंगल कार्यालय, बाकी पंप. कुठेही दोन जागांमध्ये २५ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर पडत नव्हतं. मला वाटतं, माझ्या सगळ्या तयारीत या ११ ओळींचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. पट्ट्यांची पँट मी कपाटात ठेवून दिली आणि सैल कमरेची घेतली. तिचा दुसरा फायदा नंतर कळला: वाकून बसल्यावर पोटावर आवळपट्टा बसत नाही, करपट ढेकर बंद झाले.

आता खाण्याचं. अंगात साठवलेली साखर, म्हणजे स्नायूंतलं आणि यकृतातलं ग्लायकोजेन, भरल्या पोटी निघालेल्या माणसाकडेही ४००-५०० ग्रॅम असतं. माझ्या संथ चालीनं चाललं तरी दिवसभरात ते संपतं. चरबी मदतीला असते, पण नुसत्या चरबीवर चढ चढता येत नाही. पाय एकाएकी दगड होतात, चिडचिड होते, रडू येतं. म्हणून चालता चालता आत भरत राहायचं. आतडं एका तासात ग्लुकोज साधारण ६० ग्रॅमच आत घेऊ शकतं. त्याला फ्रुक्टोजची जोड दिली तर थोडं जास्त जातं, कारण त्याची आत शिरायची वाट वेगळी आहे. आणि आपली रोजची साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोजच. हे समजलं तेव्हा त्या महागड्या डब्यांविषयीचं माझं दडपण गेलं.

आतड्यालाही सराव द्यावा लागतो, मांड्यांसारखाच. जूनपासून मी दर रविवारी तासाला ३० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरू केलं, तीन आठवड्यांनी ४५, मग ६०. साठाला पोट कुरकुरायचं, पंचावन्नला गप्प असायचं. मग पंचावन्नच. दुसऱ्या कुणाला ऐंशी झेपत असेल, त्याच्याशी माझा संबंध नाही. घड्याळात वीस-वीस मिनिटांचा गजर लावला. भूक लागण्याची वाट बघितली की उशीर झालेला असतो, आणि एकदम ताटभर खाल्लं की पोट बसतं.

पदार्थ मात्र आपलेच तपासले. आमच्या जिल्ह्यात बेदाण्याला काय तोटा! तासगावचा बेदाणा मी पहिल्यांदा मूठमूठ खाल्ला आणि नरसोबाच्या वाडीहून परतताना पोट नगाऱ्यासारखं झालं. गुण चांगला, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ सारखं, पण त्यात तंतूही आहेत. तासाला २५-३० ग्रॅमपर्यंत, पाण्याबरोबर, उत्तम, त्यावर नाही. शेंगदाण्याची चिक्की पोटात दगडासारखी बसली; तेल असलेलं काहीही चढाच्या आधी नको. राजगिऱ्याचा लाडू कोरड्या तोंडात फिरत राहतो. केळं भरवशाचं, पण उन्हात खिशात त्याचं पिठलं होतं. भडंग! जयसिंगपूरचं भडंग दिसलं आणि मला राहवलं नाही. लसणीचा आणि तेलाचा तो खमंगपणा पुढचे ३० किलोमीटर घशाशी होता. नुसते चुरमुरे, मीठ लावलेले, मात्र फार उपयोगी, विशेषतः गोडाचा वीट आल्यावर. उकडलेल्या लहान बटाट्यांना मीठ चोळून डबीत नेले तर ते मला सगळ्यात मानवले. मऊ भातात मीठ आणि चिमूटभर गूळ घालून वळलेले मुटके दुसऱ्या नंबरला. दहीभात घरून नेला तो दुपारी आंबला. तो वाटेत ताजा मिळाला तरच घ्यायचा.

जेलच्या जागी मला काकवी सापडली. कोल्हापूर भागात ऊसतोडणी सुरू झाली की गुऱ्हाळावर ताजी मिळते. छोट्या बाटलीत भरायची, एक घोट काकवी आणि मागून चार घोट साधं पाणी. मागचं पाणी विसरलं की पुन्हा जुनोनी. बाटलीतलं सरबत मी घरीच करते: लिटरभर पाण्यात ४५ ग्रॅम साखर, पाव चमच्याहून थोडं जास्त मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. चवीला पातळ लागतं, आणि ते पातळच असायला हवं. शिवाय एका बाटलीत कायम साधं पाणी.

ओआरएसची पाकिटंही जवळ असतात, पण ती जुलाब-उलटीसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं, बाकी क्षार. ते इंधन नव्हे. आणि ते पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट ढवळून पिणारे सायकलस्वार मी पाहिलेत. ते माझ्याच मार्गानं बाभळीकडे निघालेले असतात, आणि मला त्यांना थांबवल्याशिवाय राहवत नाही.

आणखी एक, जे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर कुणी बोलत नाही: पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत माझं पोट मुळातच सैल असतं. त्या दिवसांत कच्चं, तंतूवालं, दुधाचं काही नाही. भात, बटाटा, केळं, एवढंच. वहीत वर्षभर नोंदी ठेवल्यावर हे लक्षात आलं, एरवी मी प्रत्येक वेळी हॉटेलच्या खाण्याला दोष देत होते.

निघायच्या आदल्या दिवशी आता उसळ नाही, भाकरी नाही, कच्ची कोशिंबीर नाही. मऊ भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी. पहाटे दोन पोळ्या गूळ लावून, किंवा तीन इडल्या. घरी पाहुणे आले की त्यांना वाटतं मी आजारी आहे.

नोव्हेंबरमध्ये त्याच रस्त्यावर पुन्हा ३०० होती. त्या दिवशी मी सहा वेळा थांबले, सहाही वेळा वहीतल्या जागी. लघवीचा रंग पाहून घ्यायचा, फिक्या पिवळ्याहून गडद दिसला की पुढच्या तासाला दोन घोट जास्त. परतताना जुनोनीपाशी आले तेव्हा साडेतीन वाजले होते. पत्र्याच्या घरातल्या बाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. त्यांनी मला नाही, सायकलला ओळखलं. मी त्यांच्यासाठी हळद आणि बेदाणा आणला होता. त्यांनी पिशवी घेतली, आत गेल्या आणि ताक घेऊन आल्या. "आज काय रडत न्हाई आला," म्हणाल्या. गेल्या वेळी मी रडले होते हे मला आठवतही नव्हतं. रात्री पावणेदहाला सांगलीत पोचले. १६ तास ४० मिनिटं.

डिसेंबरमधल्या ४०० बद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. थंडी होती, तहान लागत नव्हती, गजरावर प्यायले, झालं.

जानेवारीत ६००. कोल्हापूरहून निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी करत हावेरीच्या पुढे जाऊन परत. शनिवारी पहाटे सहाला निघालो. पहिला दिवस माझ्या पोटानं अक्षरशः साथ दिली. कर्नाटकातली हॉटेलं सायकलस्वारासाठी वरदान आहेत असं मला वाटतं. कुठेही गरम इडली मिळते, कुठेही मोसरन्ना, म्हणजे ताजा दहीभात, मिळतो. चटणी बाजूला ठेवायची, सांबार थोडंच. हावेरीच्या पुढच्या कंट्रोलला, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या थांब्याला, रात्री साडेनऊला पोचले तेव्हा ३०० झाले होते, आणि तोपर्यंत गोडाचा इतका वीट आला होता की काकवीची बाटली उघडली तरी शहारा यायचा. हे ठाऊक होतं, म्हणून मिठातले बटाटे आणि चुरमुरे मुद्दाम रात्रीसाठी राखले होते. रात्री पोट हळू चालतं, त्याची झोपायची वेळ असते. तासाला पंचावन्नचा हट्ट धरला नाही, चाळीसवर समाधान मानलं. चहा कोरा, दूध नको. हुबळीत अडीच ते पावणेपाच झोप.

रविवारी बेळगाव सोडल्यावर ऊन चढलं. उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक, त्यांना बगल देत हत्तरगीच्या जवळ आले आणि ओळखीची खूण झाली. तोंडात लाळ सुटली, जबडा आवळला, पोटात डचमळ. ५२५ किलोमीटर झाले होते. आधीच्या दोन तासांत मी घाईनं चालवत होते, आणि बेळगावात भूक नसताना शिरा खाल्ला होता, तुपाचा. एक क्षण सगळी बाभळ डोळ्यांपुढे उभी राहिली.

पण आता माझ्याकडे वही होती, आणि वहीतलं पान पाठ होतं. आधी वेग सोडला, हलका गिअर, दम लागणार नाही इतकं हळू. पुढच्या पंपावर सावलीत उतरले. हेल्मेट काढलं, रुमाल ओला करून मानेवर टाकला. अर्धा तास खाणं पूर्ण बंद. पाच-पाच मिनिटांनी एक-एक घोट पाणी, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून. आलेपाकाची वडी गालात धरली. आल्यानं माझी मळमळ बसते, हे गगनबावड्याच्या घाटात तपासून ठेवलं होतं. पोटातलं पाणी पुढे सरकल्याचं कळतं, एक गुडगुड होते, मग भूक लागते. ती गुडगुड ऐकायला मी ५० मिनिटं त्या पंपाच्या कट्ट्यावर बसले होते. आमच्यातले एक सर थांबले, म्हणाले, "मॅडम, उशीर होईल." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. साडेबाराला आले होते, दीडला भूक लागली. अर्धं केळं. वीस मिनिटांनी उरलेलं अर्धं. मग तवंदीचा घाट सगळ्यात हलक्या गिअरवर, आणि निपाणीत दोन बटाटे.

कोल्हापुरात रात्री सात पन्नासला कार्डावर शेवटचा शिक्का बसला. ३७ तास ५० मिनिटं. नवरा आणि मुलगी आले होते. मुलीनं आधी विचारलं, "पोट?" मी म्हटलं, भूक लागलीय. घरी पोचून काट्यावर उभी राहिले: ६०.५, निघताना ६१. मग झोपण्याआधी वही उघडली, कारण त्या हत्तरगीजवळच्या पंपावरची नोंद राहिली होती.

"१९. हत्तरगीजवळ, कोल्हापूरकडे येताना डाव्या हाताला. किल्ली ऑफिसात मागावी, देतात. कडी लागते. नळाला पाणी आहे. दिवा नाही, रात्री टॉर्च न्यावा. बाहेर बसायला कट्टा, दुपारी सावली असते."